मेणाचं घर आणि परभणीचं ऊन

चिऊ-काऊची गोष्ट माहीत नाही असं लेकरू महाराष्ट्रात शोधून सापडायचं नाही. कावळ्यानं शेणाचं घर बांधलं, चिमणीनं मेणाचं. मोठा पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं आणि भिजून चिंब झालेला कावळा चिमणीच्या दारात येऊन उभा राहिला. ही गोष्ट ज्यानं कुणी पहिल्यांदा सांगितली, त्याचा मुलूख भरपूर पावसाचा असावा. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीत ती सांगायला बसलं की पंचाईत होते. इथं जून उलटला तरी आभाळाकडं बघत बसायची वेळ येते, आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून पुढं जातो. अशा गावात मेणाचं घर दुपारचे बारा वाजेपर्यंत तरी टिकेल का? लाइट गेल्यावर मेणबत्ती कशी वितळते हे बघितलेल्या सहा वर्षांच्या लेकराला हा प्रश्न पडायलाच हवा. तो पडला की गोष्ट आपोआप उलटी वळते. पावसाच्या जागी ऊन येतं, चिमणीचं घर भिंतीवरून ओघळायला लागतं, आणि आता चिमणी कावळ्याच्या दारात उभी राहते. आतून कावळा म्हणतो, थांब जरा, चोच घासतोय. थांब जरा, दहाव्याचं बोलावणं आलंय, तेवढा घास शिवून येतो. बाकी गोष्ट होती तशीच राहते. बदलला तो फक्त ऋतू.

लहान लेकरांना गोष्टी सांगणं हे ज्यांचं रोजचं काम आहे, मग ते अंगणवाडीत असो, बालवाडीत असो की पहिली-दुसरीच्या वर्गात, त्यांच्यात अशा उलट्या गोष्टींबद्दल दोन मतं ऐकू येतात. एक मत म्हणतं, ही निव्वळ गंमत आहे. खरी गोष्ट सांगून झाली आणि घंटेला पाच मिनिटं उरली तर करावी. दुसरं मत म्हणतं, ही जुन्या गोष्टींची टिंगल आहे. मुळात वाचन कमी, त्यात हे कशाला? हे काम करता करता माझं मत या दोन्हींपेक्षा वेगळं झालं आहे. विनोदी पुनर्कथन ही मूळ गोष्टीची परीक्षा असते आणि परीक्षक लेकरू असतं. मूळ गोष्ट ज्याला पक्की ठाऊक असते त्यालाच उलट्या गोष्टीत कुठं गफलत झाली ते कळतं, आणि ज्याला ते कळतं तोच हसतो. म्हणून उलटी गोष्ट मूळ गोष्टीच्या जागी येऊ शकत नाही. पण ती मागोमाग आलीच नाही, तर मूळ गोष्ट लेकराच्या पदरात पडली की नुसती कानावरून गेली, हे कळायला मार्ग उरत नाही. अर्थात या म्हणण्याला अटी आहेत आणि त्यावर आक्षेपही आहेत. दोन्हींचा हिशेब मांडायला हवा.

पहिली गोष्ट ही की विनोद या कथांना बाहेरून चिकटवावा लागत नाही. तो त्यांच्या हाडातच असतो. चिमणीच्या दारावर कावळा थापा मारत असतो आणि ती आतून बाळाला न्हाऊ घालण्यापासून झोपवण्यापर्यंत एकेक काम पुढं करत राहते. लेकरं खुदकन हसतात ती इथंच, कारण मोठ्यांचं हे ‘थांब जरा’ त्यांनी दिवसातून दहा वेळा ऐकलेलं असतं. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट तर सरळसरळ फसवणुकीची आहे. मरतुकडी म्हातारी वाघाला पटवते की आत्ता मला खाण्यात काही राम नाही, लेकीकडं जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. आणि जंगलाचा राजा हे खरं मानून वाट बघत बसतो. टोपीवाल्या उंदराच्या गोष्टीत चिंधीपासून शिवलेली टोपी राजा हिसकावून घेतो तेव्हा उंदीर त्याला गावभर भिकारी ठरवतो, आणि वैतागून टोपी परत दिली तर भित्रा ठरवतो. राजानं काहीही केलं तरी हरायचंच. या गोष्टी सांगणाऱ्या आज्या विनोदाचं शास्त्र शिकलेल्या नव्हत्या, पण दुबळ्याच्या हातात हसण्याखेरीज दुसरं हत्यार नसतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तेव्हा विनोदी पुनर्कथन करणारा माणूस नवं काही आणत नाही. गोष्टीत आधीपासून असलेली चावी तो आणखी एक पीळ फिरवतो.

हा पीळ लेकराच्या मनात नेमकं काय करतो, याचा सगळ्यांत नीट विचार रशियन लेखक कोर्नेई चुकोव्स्की यांनी ‘दोन ते पाच’ या आपल्या पुस्तकात केला. त्यांची मुलगी दोन वर्षांचीही झालेली नव्हती, तेव्हा तिनं कुत्रा म्याव म्याव करतो असं त्यांना सांगितलं आणि स्वतःच खळखळून हसली. चुकोव्स्कींनी यातून काढलेला निष्कर्ष मोलाचा आहे. कुत्रा भुंकतो हे ज्ञान नुकतंच हाती आलेलं असतं; ते पक्कं झालं आहे का हे लेकरू उलटं बोलून तपासून बघतं, आणि तपासणीत आपण पास झालो याचा आनंद त्या हसण्यात असतो. इटलीचे जानी रोदारी यांनी हेच सूत्र गोष्टीला लावलं. 1962 साली आलेल्या त्यांच्या टेलिफोनवरच्या गोष्टींच्या पुस्तकात एक आजोबा नातीला लाल टोपीवालीची गोष्ट चुकवत चुकवत सांगतात. टोपी पिवळी होते, मग हिरवी होते, लांडग्याच्या जागी जिराफ येतो, आणि नात प्रत्येक वेळी आजोबांना थांबवून दुरुस्त करते. पुढं 1973 साली कल्पनाशक्तीचं व्याकरण मांडताना रोदारींनी गोष्ट मुद्दाम चुकवणं हा एक रीतसर खेळ म्हणून नोंदवला. झरीसारख्या गावातल्या वर्गात हा खेळ सुरू केला की जो गलका उठतो, तो या दोघांच्या म्हणण्याला दुजोरा देणाराच असतो. ‘बाई, तुम्ही चुकायलाव’ हे वाक्य एरवी शाळेत उच्चारायची कुणाची छाती नसते. उलट्या गोष्टीत ते नुसतं चालतं असं नाही, तेच अपेक्षित असतं.

आता कारागिरीकडं वळू, कारण उलटी गोष्ट फसते ती बहुतेक वेळा कारागिरीत. नियम तसा साधा आहे: एका वेळी एकच खुंटी हलवायची आणि मग गोष्टीला तिच्या तर्कानं चालू द्यायचं. भोपळ्यातली म्हातारी लेकीकडून परत निघाली आहे, वाटेत वाघ टपून बसला आहे, एवढं सगळं तसंच ठेवावं. बदल एवढाच करावा की भोपळा जिंतूर रस्त्यावरच्या एका खड्ड्यात रुतला. आता काय? म्हातारी आतून म्हणते, भोपळा हलला तर मी पुढं जाईन, पुढं गेले तर आणखी जाड होईन. मग वाघ पाठ लावून आपलंच जेवण आपल्याच हातानं तिच्या घरापर्यंत ढकलत नेतो. वाघ भुकेलाच राहिला, म्हातारी शहाणीच राहिली, दुबळ्यानं बलवानाला फसवलं हा कणाही शाबूत राहिला. याउलट आजकाल दिसणारा सोपा मार्ग म्हणजे राजाच्या हातात मोबाइल द्यायचा, परीला ब्यूटी पार्लरमध्ये पाठवायचं आणि राक्षसाला डाएट करायला लावायचं. यावर लेकरं एकदा हसतात, दुसऱ्यांदा हसत नाहीत. कारण मोबाइल आला म्हणून गोष्टीत पुढं काहीच वेगळं घडत नाही. ती नुसती वर लावलेली टिकली असते. ऋतू बदलला की मेण वितळतं, मेण वितळलं की चिमणी रस्त्यावर येते, ती रस्त्यावर आली की कावळ्याच्या हातात दाराची कडी येते. एका बदलातून दुसरा निघत गेला तर लेकरू स्वतःच पुढची गोष्ट सांगायला लागतं. गोष्ट साधल्याची दुसरी खूण मी मानत नाही.

यातून आणखी एक मुद्दा निघतो: विनोद गावाच्या मातीतून यावा लागतो, तो आयात करता येत नाही. तीन डुकरांची गोष्ट घ्या. अमेरिकेत जॉन शेस्का या लेखकानं 1989 साली ती लांडग्याच्या तोंडून सांगितली: मी बिचारा सर्दीनं हैराण, वाटीभर साखर मागायला गेलो, शिंक आली आणि घर पडलं. तिथल्या मुलांना हे उलटं वाटतं, कारण डुकराची पिल्लं गोंडस आणि लांडगा दुष्ट हे त्यांच्या मनात घट्ट बसलेलं असतं. शेतात रानडुकरांचा कळप शिरला की एका रात्रीत उभ्या पिकाचं काय होतं, हे ज्या लेकरांनी घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलं असतं, त्यांना डुकरं गोंडस कुठून वाटणार? त्यांच्या लेखी लांडगा हा आयता राखणदार ठरतो. म्हणजे अमेरिकेत जी उलटी आवृत्ती, ती इथं सरळ आवृत्ती होऊन बसते आणि तिच्यातला विनोद विझतो. या जिल्ह्यात ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ अशी एक म्हण लोक हसत हसत ऐकवतात. ग्रिम बंधूंच्या गोष्टी त्या जर्मनीतून जगभर गेल्या. परभणीत येताना मात्र त्यांना इथलं पाणी प्यावं लागतं. परकी विनोदी गोष्ट नुसती भाषांतरित करून वाचून दाखवली आणि वर्ग गप्प राहिला, तर तो वर्गाचा दोष मानू नये. हसण्यासाठी आधी जे माहीत असावं लागतं, ते तिथं नसतं इतकंच.

आता आक्षेपांकडं येतो. पहिला आक्षेप असा की इतक्या लहान लेकरांना विडंबन कळत नाही. हा आक्षेप अर्धा खरा आहे. विडंबनात एक गोष्ट बोलून दुसरी सुचवायची असते, आणि ते तीन-चार वर्षांच्या लेकराला पेलत नाही. ब्रिटिश लेखक रोआल्ड डाल यांनी 1982 साली जुन्या परीकथा पद्यात उलट्यापालट्या करून लिहिल्या. त्यांचा तिखटपणा मोठ्या मुलांसाठीच ठीक आहे. पण विडंबन आणि चूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चूक ओळखायला उपरोध समजावा लागत नाही, मूळ गोष्ट आठवावी लागते, आणि चुकोव्स्कींच्या मुलीनं दाखवलं तसं ती ओळखण्याची उमज फार लवकर येते. म्हणून वयाप्रमाणे पायऱ्या कराव्यात. अंगणवाडीच्या पहिल्या वर्षात गोष्ट सरळ, तीच ती आणि त्याच शब्दांत सांगावी. एक शब्द इकडचा तिकडं झाला तरी त्या वयाची लेकरं नाराज होतात आणि त्यांचं बरोबर असतं. गोष्ट त्यांच्या ओठांवर आली की एखादा प्राणी, एखादा रंग चुकवावा. पहिली-दुसरीत गेल्यावर ऋतू, जागा किंवा बाजू बदलून बघावी. जे वडीलधारे थेट तिसऱ्या पायरीवर उडी घेतात, ते स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसत राहतात आणि लेकरं त्यांच्या तोंडाकडं बघत बसतात.

दुसरा आक्षेप परंपरेचा: पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट आपण का मोडायची? यात गृहीत असं धरलेलं असतं की गोष्ट एकच होती आणि ती कधी बदलली नाही. लाल टोपीवालीची गोष्ट फ्रान्समध्ये शार्ल पेरो यांनी 1697 साली छापली तेव्हा लांडगा तिला खातो आणि तिथंच गोष्ट संपते. ग्रिम बंधूंच्या 1812 च्या संग्रहात शिकारी येऊन लांडग्याचं पोट फाडतो आणि ती सुखरूप बाहेर येते. यातली अस्सल कोणती? आपल्या चिऊ-काऊचंही तेच आहे. कुठं कावळा तापल्या तव्यावर बसून भाजतो, कुठं त्याला हाकलून देतात, कुठं चिमणी त्याला आत घेऊन ऊब देते. आणि हसत हसत उलटं सांगणं आपल्याला परकं आहे असं म्हणणाऱ्यानं तमाशातली गवळण आठवावी. कृष्णाची कथा, पण मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवताना पेंद्या आणि मावशी जो धुमाकूळ घालतात तो पुराणात शोधून सापडणार नाही. तरीही त्यामुळं कृष्णाचं देवपण उणं झालं असं कुणी मानलं नाही. सोळाव्या शतकात पैठणला एकनाथांनी विंचू, वासुदेव, जोशी, गोंधळी अशी रोजची सोंगं घेऊन भारुडं रचली आणि लोकांना हसवता हसवता वेदान्त सांगितला. तीच गोदावरी पैठणहून पुढं गंगाखेडला, परभणी जिल्ह्यात येते. ज्या खोऱ्यानं ब्रह्मज्ञान हसत ऐकलं, त्या खोऱ्यात चिमणी-कावळ्याची गोष्ट हसत फिरवली म्हणून परंपरा बुडेल, ही भीती धरायचं कारण नाही.

तिसरा आक्षेप तात्पर्याचा. विनोदी गोष्टीतून लेकरू काय शिकणार? या प्रश्नामागं मराठी छापील बालसाहित्याचा जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. 1828 साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ आली, आणि गोष्टीच्या शेवटी बोध हवा ही रीत पुढं इतकी मुरली की तात्पर्य नसलेली गोष्ट अपुरी वाटायला लागली. ही रीत ठामपणे बाजूला सारणारा आवाज शेजारच्या गुजरातीतून आला. गिजुभाई बधेका यांनी भावनगरला 1920 साली बालमंदिर सुरू केलं, गोष्ट सांगण्याच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि गोष्टीचं पहिलं काम आनंद देणं हे आहे असं त्यात मांडलं. मारिया माँटेसोरींना अगदी लहान वयात परीकथा मान्य नव्हत्या. लेकराला आधी खरं जग कळू द्यावं असा त्यांचा आग्रह होता. गिजुभाई माँटेसोरींना गुरुस्थानी मानत असूनही इथं त्यांनी वेगळी वाट धरली. पुढं ताराबाई मोडक यांनी भावनगरचाच अनुभव गाठीशी घेऊन महाराष्ट्रात बालशिक्षणाचं काम उभं केलं. माझं म्हणणं गिजुभाईंच्याही एक पाऊल पुढं आहे. उलट्या गोष्टीत तात्पर्य नसतं असं नाही. ते सांगणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडं सरकतं. चिमणीनं दार आधी उघडलं असतं तर कावळ्यानंही उघडलं असतं का, हा प्रश्न उन्हाळ्यातली गोष्ट ऐकल्यावर लेकरंच एकमेकांना विचारतात. फळ्यावर लिहिलेलं ‘संकटात मदत करावी’ हे वाक्य जे करू शकत नाही, ते काम हा प्रश्न करतो.

चौथा आक्षेप जास्त खोल आहे. ब्रुनो बेटेलहाइम या मनोविश्लेषकानं 1976 साली परीकथांवरच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात असं म्हटलं की या कथांतली भीती लेकराला हवी असते; मनातल्या नाव नसलेल्या भयाला राक्षसाचं रूप मिळतं आणि शेवटी राक्षस हरतो तेव्हा धीर येतो. मग राक्षसाला विदूषक केलं तर हा धीर कुठून येणार? याचं उत्तर मराठी बालरंगभूमीनं फार पूर्वी दिलेलं आहे. सुधा करमरकर यांनी 1959 साली ‘मधुमंजिरी’पासून मुलांसाठी जे नाटक उभं केलं आणि रत्नाकर मतकरी यांनी पुढं अनेक वर्षं जे लिहिलं, त्यातली चेटकीण आधी घाबरवते आणि मग हसवते. ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांच्या रूपात प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती याच मिश्रणामुळं. वाघ खड्ड्यातून भोपळा ढकलतो तेव्हाही तो भुकेला वाघच असला पाहिजे. मिशा पुसत भाजीपाला खाणारा वाघ ना घाबरवतो, ना हसवतो. मात्र इथं एक सीमा मी पाळतो. काही भीती गोष्टीतली नसते, घरातली असते. परभणी जिल्ह्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबं जातात आणि काही लेकरं आजी-आजोबांजवळ गावात राहतात. अशा वर्गात भुकेपायी आई-बापानं जंगलात सोडलेल्या भावंडांची ग्रिम बंधूंची गोष्ट विनोदी करून सांगणं हा अडाणीपणा ठरेल. ती सांगायचीच तर सरळ सांगावी, शेवटी दोघं घरी परत येतात तो भाग सावकाश सांगावा, आणि हसण्यासाठी दुसरी गोष्ट निवडावी.

पाचवा आक्षेप फारसा कुणी घेत नाही, पण मला तोच सगळ्यांत वजनदार वाटतो: आपण कुणाला हसतो? मूळ गोष्टींतही हसू नेहमी वरच्या दिशेनं जात नाही. चिऊ-काऊच्या गोष्टीत काळा कावळा आळशी आणि गलिच्छ, त्याचं शेणाचं घर म्हणजे हसण्यावारी न्यायची चीज. गवळणीतला पेंद्या लंगडा आणि बोबडा दाखवायची रीत आहे; तिथं पुष्कळदा त्याच्या अपंगपणालाच हसायला लावलेलं असतं. विनोदी पुनर्कथन करणारा बेसावध राहिला तर हीच घाण दुप्पट करतो, कारण पटकन हशा मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे जाड, काळा, तोतरा, म्हातारा. अशा हशानंतर वर्गात कुणातरी एका लेकराची मान खाली जाते. म्हणून उलटी गोष्ट रचताना तिचं पहिलं काम असं हसू दुरुस्त करणं हे असावं. झरीत शेणानं सारवलेली जमीन आणि भिंत म्हणजे स्वच्छ घर. उन्हाळ्यात तेच घर थंड राहतं हे इथल्या आजीला सांगावं लागत नाही. शेजारच्या गंगाखेडची जनाबाई घरोघरच्या कथांमध्ये शेण्या वेचते आणि प्रत्यक्ष विठ्ठल तिच्या मदतीला येतो. अशा जिल्ह्यात शेणाच्या घराला हसायचं कारणच काय? मेणाच्या घरावर परभणीचं ऊन पडलं की हसू आपोआप दिशा बदलतं. ते ऐटीवर पडतं, गरिबीवर पडत नाही. चिडवणाऱ्यांच्या नादानं एकेक शेपटी कापत जाणाऱ्या सात शेपट्यांच्या उंदरालाही शेवटी बिनशेपटीचा म्हणून चिडवलं जातंच. हसणाऱ्याला निमित्त कधी कमी पडत नाही हे त्या गोष्टीनं सांगून ठेवलं आहे. निमित्त कोणतं निवडायचं, ही जबाबदारी सांगणाऱ्याची.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: लेकरांना अजून नीट वाचता येत नाही, आणि तुम्ही हसण्यात वेळ घालवता. 2021 पासून निपुण भारत अभियानाखाली तिसरीपर्यंत मूलभूत वाचन आणि गणित यावं यावर सगळा भर आहे, आणि तो योग्यच आहे. पण उलटी गोष्ट दुरुस्त करताना लेकरू काय करतं ते पाहावं. आधी काय झालं, मग काय झालं हा क्रम ते मनात धरतं. ‘म्हणून’ आणि ‘तरीही’ यांतला फरक त्याला वापरावा लागतो. पूर्ण वाक्यात हरकत घ्यावी लागते आणि ती चारचौघांत टिकवावी लागते. आकलन तपासायला याहून चांगला प्रश्नसंच मला माहीत नाही, आणि त्याला कागदही लागत नाही. दुसरा फायदा भाषेचा. या भागातल्या शाळांत कुणाच्या घरी मराठवाडी बोली असते, कुणाच्या घरी दखनी, कुणाच्या घरी बंजारा बोली. पुस्तकातल्या मराठीत उत्तर द्यायचं म्हटलं की अर्धा वर्ग गप्प होतो. चूक पकडायची घाई मात्र कुणालाच थांबू देत नाही. लेकरं आपापल्या घरच्या बोलीत ओरडतात, आणि मग तेच वाक्य फळ्यावर पुस्तकी मराठीत लिहिणं सोपं जातं. हा भाग निजामाच्या राजवटीत 1948 पर्यंत उर्दूच्या छायेत शिकला. शाळेची भाषा आणि घरची भाषा वेगळी असण्याचा ताण इथं जुना आहे. तो हलका करण्याचं एक साधन गोष्टीतल्या चुकीत मिळत असेल, तर ते वापरायला हवं.

एवढ्या आक्षेपांतून माझं म्हणणं थोडं तासलं गेलं, पण मोडलं नाही. विनोदी पुनर्कथन सगळ्या गोष्टींना चालत नाही, सगळ्या वयांना सारखं चालत नाही, आणि मूळ गोष्ट आधी सांगितलेली नसेल तर अजिबात चालत नाही. या शेवटच्या अटीचीच मला आज काळजी वाटते. उलटी गोष्ट सांगायला बसावं आणि लेकरांना सरळ गोष्टच ठाऊक नाही असं निघावं, हे आता वाढत चाललं आहे, कारण संध्याकाळी ओसरीवर सांगितली जाणारी गोष्ट आता हातातल्या पडद्यावर गेली. पडद्यावर गोष्टी पुष्कळ आहेत, पण पडद्याला ‘तुम्ही चुकायलाव’ असं म्हणता येत नाही आणि म्हटलं तरी तो ऐकत नाही. गोष्ट सांगणारं माणूस समोर असावं लागतं, त्याला चुकता यावं लागतं आणि चूक कबूल करता यावी लागते. म्हणून घरातल्या मोठ्यांना एवढंच सांगणं आहे: या आठवड्यात लेकराला चिऊ-काऊची गोष्ट अगदी जशीच्या तशी सांगा. रोज सांगा, ते कंटाळलं असं वाटलं तरी सांगा. आठव्या दिवशी पावसाच्या जागी ऊन पाडा आणि गप्प बसा. पुढची गोष्ट लेकराला सांगू द्या.